अटलांटिस एका दिवसात बुडू शकतं का?

प्रश्न तीन आहेत. अटलांटिस नावाचं बेट खरोखर होतं का? एवढी प्रगत संस्कृती एका दिवस-रात्रीत समुद्राखाली जाऊ शकते का? आणि ग्रीसच्या सान्तोरिनी बेटाचा ज्वालामुखी हेच या कथेचं मूळ आहे का? मी किनाऱ्यांवरच्या आणि उथळ समुद्रतळावरच्या गाळाचा अभ्यास करते. एखादी वस्ती पाण्याखाली कशी गेली, हळूहळू की एका फटक्यात, हे गाळाच्या थरांवरून ओळखणं हे माझं काम. उत्तरं आधी सांगून टाकते. बेट नव्हतं. खंडाएवढं बेट एका दिवसात बुडत नाही, पण शहर बुडू शकतं आणि बुडालेलीही आहेत. आणि सान्तोरिनीपेक्षा जवळचा धागा दुसरीकडे आहे.

सुरुवात मूळ मजकुरापासून करायला हवी, कारण अटलांटिसवर हिरिरीने बोलणाऱ्या बहुतेकांनी तो वाचलेला नसतो. तो फार मोठाही नाही. प्लेटोचे ‘टिमियस’ आणि ‘क्रिटियस’ हे दोन संवाद, इ.स.पू. ३६०च्या आसपासचे. बस, एवढंच. त्याआधीच्या कुठल्याही ग्रीक लेखनात ही कथा येत नाही. अथेन्सचा जुना कायदेकर्ता सोलोन याने ती इजिप्तमधल्या सायस इथल्या पुरोहितांकडून ऐकली असं प्लेटो सांगतो. पण त्याच सायसमध्ये जाऊन मंदिराच्या कोषाच्या लेखनिकाशी बोललेला आणि ऐकलेली प्रत्येक गोष्ट हौसेने लिहून ठेवणारा ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याबद्दल चकार शब्द काढत नाही. इजिप्तच्या शिलालेखांत, पपायरसांत कुठेही अथेन्स आणि अटलांटिसमधली ही लढाई नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कथा कोणत्या निमित्ताने येते. ‘टिमियस’च्या सुरुवातीला सॉक्रेटिस म्हणतो, की आदल्या दिवशी आपण आदर्श राज्याचं चित्र उभं केलं, पण चित्रातले सुंदर प्राणी पाहिले की ते हलताना, झुंजताना पाहावेसे वाटतात, तसं हे राज्य युद्धात कसं वागेल ते कुणीतरी दाखवावं. त्या मागणीवर संवादातला क्रिटियस हा माणूस म्हणतो, माझ्याकडे नेमकी अशीच गोष्ट आहे, लहानपणी नव्वदीच्या आजोबांकडून ऐकलेली. म्हणजे कथा मागणीबरहुकूम आलेली आहे. तिचा नायक अथेन्स आहे, अटलांटिस नव्हे. अटलांटिस हा प्रतिस्पर्धी.

प्रतिस्पर्धी दांडगा हवा, म्हणून प्लेटोने त्याला सगळं दिलं. हेराक्लिसच्या स्तंभांपलीकडे, म्हणजे जिब्राल्टरच्या बाहेर, ‘लिबिया आणि आशिया एकत्र केल्यावर होईल त्याहून मोठं’ बेट (लिबिया म्हणजे तेव्हाची आफ्रिका). पोसायडन देव आणि क्लेइटो यांना झालेल्या जुळ्या मुलांच्या पाच जोड्या, म्हणून दहा राजे, थोरला अ‍ॅटलस. मधल्या टेकडीभोवती आळीपाळीने पाण्याची आणि जमिनीची कडी. बाहेरच्या तटाला कांस्याचा मुलामा, आतल्याला कथलाचा, बालेकिल्ल्याला ओरिकाल्कम या मौल्यवान धातूचा. गरम आणि थंड पाण्याचे झरे, हत्ती, दहा हजार रथ, बाराशे जहाजं. राजांनी दर पाचव्या आणि सहाव्या वर्षी आळीपाळीने जमायचं, बैल पकडून बळी द्यायचा, निळी वस्त्रं नेसून रात्री न्यायनिवाडा करायचा.

यातले आकडे मी एकदा कागदावर मांडून पाहिले, आणि वाचकांनीही पाहावेत. स्टेड हे ग्रीकांचं अंतराचं माप, एक स्टेड सुमारे १८० मीटरचा धरू. शहराची कडी मिळून व्यास २७ स्टेड, म्हणजे जेमतेम ५ किलोमीटर. हे पटण्यासारखं आहे. पण शहरामागचं मैदान ३,००० बाय २,००० स्टेड, आणि त्याला चहूबाजूंनी खणलेला चर १०,००० स्टेड लांब, एक स्टेड रुंद, शंभर फूट खोल. म्हणजे १,८०० किलोमीटर लांबीचा, १८० मीटर रुंदीचा, ३० मीटर खोलीचा खड्डा. माती निघते जवळपास दहा घनकिलोमीटर. एक लाख माणसं लावली, प्रत्येकाने रोज दोन घनमीटर माती उपसली, वर्षभरात एकही सुटी घेतली नाही, तरी १३० वर्षं लागतात. गंमत अशी की हे ऐकायला अविश्वसनीय वाटेल, असं प्लेटोचा क्रिटियस स्वतःच म्हणतो. लेखकाला आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक होतं.

काळही तसाच. सोलोनच्या आधी नऊ हजार वर्षं म्हणजे इ.स.पू. ९६००च्या आसपास. त्या वेळी आजच्या तुर्कस्तानात गोबेकली टेपे इथे शिकारी माणसं कोरीव दगडी खांब उभारण्याच्या बेतात होती, आणि ते त्या काळातलं जगातलं थक्क करणारं काम होतं. कांसं यायला आणखी सहा हजार वर्षं होती, आऱ्यांच्या चाकांचा रथ त्याहूनही उशिरा. ज्या अथेन्सने अटलांटिसला हरवलं ते अथेन्सही तेव्हा नव्हतं. हा मुद्दा अटलांटिस शोधणारे सोयीस्करपणे गाळतात: बेट खरं मानायचं तर त्याच पानावरचं नऊ हजार वर्षांपूर्वीचं अथेन्सही खरं मानावं लागेल, आणि ते समुद्रात बुडालेलं नाही. तिथली माती गेली दोनशे वर्षं उकरली जाते आहे.

आता बुडण्याकडे वळू. ‘टिमियस’मध्ये ते एका वाक्याचं काम आहे. अटलांटिसचं सैन्य हरतं. मग पुढे कधीतरी भयंकर भूकंप आणि पूर येतात, आणि एका भीषण दिवस-रात्रीत अथेन्सचं सगळं सैन्य जमीन गिळून टाकते आणि अटलांटिस बेट समुद्रात नाहीसं होतं. दोन्ही एकदम! जिंकलेले आणि हरलेले, दोघंही. पुढे लगेच येतं, की म्हणूनच तिथल्या समुद्रात आजही जहाज चालत नाही, बेट खचताना झालेला उथळ चिखल आडवा येतो. हा चिखल प्लेटोची खास कल्पना नाही. स्तंभांपलीकडचा समुद्र गाळामुळे उथळ आहे असं अ‍ॅरिस्टॉटलनेही हवामानशास्त्रावरच्या ग्रंथात लिहिलंय. त्या काळची ती प्रचलित समजूत होती. प्रत्यक्षात जिब्राल्टरच्या उंबरठ्यावर सर्वात उथळ जागीही पाणी तीनशे मीटरच्या आसपास खोल आहे आणि पश्चिमेला ते वाढतच जातं. प्लेटोने एक लोकसमज उचलला आणि त्याला आपल्या कथेत कारण देऊन टाकलं. वर, साक्षीदार असे कुणी उरलेच नाहीत, हीसुद्धा सोय झाली.

भूशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर खंडाएवढा भूभाग बुडू शकत नाही, आणि याला कुठल्या उत्खननाची वाट पाहावी लागत नाही. खंडांचं कवच साधारण ३५ किलोमीटर जाड आणि हलक्या खडकाचं असतं. महासागरी कवच सुमारे ७ किलोमीटर जाड आणि जड. खंड हा खालच्या प्रावरणावर ओंडक्यासारखा तरंगतो, त्याला तळाशी नेऊन ठेवायला काही कारणच घडत नाही. तुकडे होतात, सरकतात, कडा झिजतात, ताणून पातळ झालेले भाग लाखो वर्षांत खाली जातात. पण एका रात्रीत नाही. १९५०च्या दशकात मारी थार्प आणि ब्रूस हीझन यांनी अटलांटिकच्या तळाचे नकाशे काढले तेव्हा मधोमध एक अखंड पर्वतरांग दिसली. आधी काही जणांना तेच बुडालेलं खंड वाटलं होतं. निघालं उलटं: तिथे नवा तळ जन्माला येतो. १९६८पासून ‘ग्लोमार चॅलेंजर’ जहाजाने तळाला भोकं पाडून नमुने काढले, त्यात रांगेपासून दूर जावं तसा खडक जुना होत जातो हे दिसलं. मध्ये खंड दडपायला जागाच नाही.

‘पण हिमयुग संपताना समुद्र वाढला होता ना?’ असं यावर नेहमी विचारलं जातं. वाढला होता, भरपूर. वीस हजार वर्षांपूर्वीच्या तुलनेत समुद्रपातळी आज सुमारे १२० मीटर वर आहे. उत्तर समुद्रातला डॉगरलँडसारखा राहता प्रदेश त्यात गेला. जिब्राल्टरच्या पश्चिमेला स्पार्टेल नावाचा उथळवटा आहे, तो त्या काळात छोटं बेट होता आणि आज पन्नासहून अधिक मीटर पाण्याखाली आहे; काहींनी त्यालाच अटलांटिस ठरवलं. पण वेग पाहा. साधारण साडेचौदा हजार वर्षांपूर्वीचा सर्वात वेगवान टप्पा धरला तरी पाणी वर्षाला चार-पाच सेंटिमीटरने चढत होतं. माणसाच्या एका आयुष्यात झोपडी दोन-तीनदा मागे सरकवावी लागेल. त्याची आठवण राहीलही, पण ‘एक भीषण दिवस-रात्र’ अशी नाही.

मग शहरं कशी बुडतात? इथे माझं काम सुरू होतं, आणि मला वाटतं प्लेटोचा खरा माल इथेच आहे.

नदीच्या मुखाशी, खाडीकाठी साचलेला वाळू-गाळ वरून घट्ट दिसतो, पण कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात. भूकंपाचे धक्के बसू लागले की कणांची एकमेकांवरची पकड सुटते, भार पाण्यावर येतो आणि सगळा थर काही सेकंद द्रवासारखा वागतो. याला द्रवीभवन म्हणतात. वरची घरं त्यात खचतात, आणि उतार असेल तर अख्खा किनारा समुद्राकडे घसरतो. त्यातच त्सुनामीची लाट आली की झालं. ७ जून १६९२ रोजी जमैकातलं पोर्ट रॉयल असंच गेलं, काही मिनिटांत, कारण ते वाळूच्या दांड्यावर वसलेलं होतं. नाईलच्या मुखावरचं थोनिस-हेराक्लिऑनही मऊ चिकणमातीवर होतं, इ.स.पू. दुसऱ्या शतकात त्याचं मुख्य मंदिर खचलं आणि अबुकीरच्या उपसागरात ते फ्रांक गोडिओ यांच्या पथकाला २०००मध्ये सापडलं. ग्रीसमधलं पावलोपेट्री मात्र वेगळं: ते कांस्ययुगीन गाव आज तीन-चार मीटर पाण्यात आहे, रस्ते आणि घरांचे पाये ओळखता येतात, आणि ते जमीन हळूहळू खचत गेल्याने बुडालंय. दोन्ही प्रकारांचे थर वेगळे दिसतात. हळू बुडालेल्या जागी खाडीचा बारीक गाळ एकावर एक शांतपणे बसतो. झटक्यात गेलेल्या जागी वाळू, शिंपले, विटा आणि भांड्यांचे तुकडे एकाच थरात कालवलेले मिळतात.

आणि आता हेलिकी. कोरिंथच्या आखाताच्या दक्षिण काठावरचं हे अकाइया प्रांतातलं शहर इ.स.पू. ३७३च्या हिवाळ्यात एका रात्रीत भूकंप आणि समुद्राने गिळलं. शहर समुद्रापासून बारा स्टेड, म्हणजे दोनेक किलोमीटर आत होतं, तरीही. प्रेतं काढायला गेलेल्या दोन हजार माणसांना एकही हाती लागलं नाही. हे तपशील प्राचीन भूगोलकार स्ट्रेबोने हेराक्लायडिसच्या हवाल्याने दिलेत, आणि हा हेराक्लायडिस प्लेटोच्याच अकादमीतला! हेलिकी गेलं तेव्हा प्लेटो पन्नाशी ओलांडलेला होता, आणि संवाद लिहिले ते त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी. हेलिकी पोसायडनचं मोठं तीर्थस्थान होतं. त्याची मूर्ती मागायला आलेल्या आयोनियन ग्रीकांना नकार दिल्याने देव कोपला, असं लोक म्हणत. पुढे एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाला तिथल्या नावाड्यांनी सांगितलं, की पाण्यात पोसायडनची कांस्यमूर्ती उभी आहे आणि कोळ्यांची जाळी तिच्यात अडकतात. पोसायडनचं शहर, भूकंप, पाणी, एक रात्र. अटलांटिसच्या शेवटासाठी याहून वेगळं काही शोधत बसायची गरज मला दिसत नाही. हेलिकीचे अवशेष २००१मध्ये सापडले ते समुद्रात नव्हे, तर आजच्या किनारी मैदानात, जुन्या खाजणाच्या गाळाखाली. डोरा कात्सोनोपुलू आणि स्टीव्हन सोटर यांनी एराटोस्थेनिसच्या हकिकतीतल्या ‘पोरोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ समुद्र न घेता खाजण घेतला आणि समुद्रातला शोध सोडून जमिनीत भोकं पाडली. आमच्या क्षेत्रातलं ते माझं सर्वात आवडतं काम आहे.

त्याआधी, इ.स.पू. ४२६च्या उन्हाळ्यात, युबियाच्या किनाऱ्यावर भूकंपानंतर समुद्र मागे हटून उसळला होता आणि अटलांटी नावाच्या छोट्या बेटावरच्या अथेनियन किल्ल्याचा भाग वाहून गेला. इतिहासकार थ्युसिडिडिसने ते लिहिलंय, आणि लाटेचं कारण भूकंपच असावा असा अंदाजही केलाय. नावाच्या साम्यावर मी काही बांधणार नाही. अटलांटिस हे नाव सरळ अ‍ॅटलसवरून येतं. पण अथेन्सची माणसं, बेट आणि लाट हे जुळणं अथेन्सच्या वाचकाला अनोळखी नव्हतं, एवढं खरं.

सान्तोरिनीचं काय? इ.स.पू. १६००च्या आसपास थिराचा, म्हणजे सान्तोरिनीचाच, महाउद्रेक झाला, अक्रोतिरी हे सुंदर शहर राखेखाली गेलं. स्पिरिडॉन मारिनातोस यांनी १९३९मध्ये क्रीटच्या मिनोअन संस्कृतीचा ऱ्हास या उद्रेकाशी जोडला आणि १९६७पासून अक्रोतिरी खणून काढलं. या बाजूचे चांगले मुद्देही आहेत: शस्त्राशिवाय बैल पकडण्याचा विधी मिनोअन भित्तिचित्रांची आठवण करून देतो, आणि अटलांटिसच्या इमारतींचे पांढरे, काळे, तांबडे दगड थिरावर आजही दिसतात. पण प्लेटोच्या मजकुरात ज्वालामुखी नाही. राख नाही, आग नाही, अंधार नाही. क्रीटचे राजवाडे उद्रेकाच्या कितीतरी दशकांनंतर, इ.स.पू. १४५०च्या सुमारास जळाले, आणि त्यांतलं नोसोस त्यानंतरही चालू राहिलं. अक्रोतिरीत माणसांचे सांगाडे मिळाले नाहीत. धोका ओळखून लोक आधीच निघून गेले होते. इजिप्तला क्रीटची माणसं चांगली ठाऊक होती, थीब्जच्या थडग्यांत ती भेटवस्तू घेऊन आलेली रंगवली आहेत. चढाई करणारं साम्राज्य म्हणून नव्हे. आकडे दसपट चुकले, शंभराचे हजार झाले, ही पळवाटही टिकत नाही. इजिप्शियन लिपीत शंभरासाठी दोराचं वेटोळं आणि हजारासाठी कमळ काढतात, ती दोन चिन्हं एकमेकांत मिसळण्यासारखी नाहीत.

मग संस्कृतीचा अधःपात कशाने झाला? समुद्राच्या आधी काय बिघडलं, हे ‘क्रिटियस’ सांगतो. अनेक पिढ्या राजांमधला दैवी अंश शाबूत होता, तोवर सोनं-नाणं त्यांना ओझं वाटे. मग मर्त्य रक्त मिसळत गेलं, अंश पातळ झाला, हाव आणि सत्ता वाढली. पाहू शकणाऱ्यांना ते कुरूप दिसू लागले, आणि ज्यांना खरं सुख ओळखता येत नाही त्यांना नेमके तेव्हाच ते सर्वात वैभवशाली वाटले. बलाढ्य आरमार, बंदरात जगभरचा माल, परक्या देशांवर हुकूमत, मग एक मोहीम फार. हे वर्णन इ.स.पू. ४१५ला सिसिलीवर चाल करून दोन वर्षांत आरमार आणि सैन्य गमावणाऱ्या अथेन्सला चपखल बसतं. संवादातला चौथा माणूस हर्मोक्रेटिस हा सिसिलीतल्या सिराक्यूजचा, त्याच मोहिमेत अथेन्सला धूळ चारणाऱ्यांपैकी! त्याला तिथे उगाच बसवलेलं नाही. कथेतलं जुनं अथेन्स पाहा: जमिनीवर जगणारं, वीस हजार योद्ध्यांचं, बंदर-आरमाराचा उल्लेखही नसलेलं. प्लेटोने ‘नियम’ या शेवटच्या संवादात आदर्श नगर समुद्रापासून ऐंशी स्टेड आत वसवलं, आणि तेही त्याला जरा जवळच वाटतं. फ्रेंच इतिहासकार पिएर विडाल-नाके यांनी अटलांटिस म्हणजे साम्राज्यवादी अथेन्सच, असं वाचन मांडलं. मला ते सर्वात पटतं, अर्थात पर्शियन साम्राज्याची छटाही त्यात आहे. ‘क्रिटियस’ अपुरा आहे: शिक्षा ठरवायला झ्यूस देवांना बोलावतो आणि संवाद तिथेच तुटतो. त्यामुळे बुडण्याचं सविस्तर वर्णन प्लेटोने कधी लिहिलंच नाही. आज जे फिरतं ते पुढच्यांचं.

पुढच्यांबद्दल फार लिहीत नाही. प्राचीन काळीही मतभेद होते: प्लेटोचा भाष्यकार क्रँटोर कथा इतिहास मानत असे, तर ‘ज्याने निर्माण केलं त्यानेच नाहीसं केलं’ हा टोला स्ट्रेबोमुळे आपल्यापर्यंत आला आणि सहसा अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर घातला जातो. सतराव्या शतकात ओलाउस रुडबेक यांना अटलांटिस स्वीडनमध्ये सापडलं, म्हणजे योगायोगाने स्वतःच्याच देशात. १८८२मध्ये अमेरिकी राजकारणी इग्नेशियस डॉनेली यांनी इजिप्तपासून माया लोकांपर्यंत सगळ्यांचं मूळ तिथे नेलं, आणि आजच्या बहुतेक दाव्यांचा उगम प्लेटोत नसून डॉनेलींत आहे. नाझी काळातल्या आहनेनएर्बे संस्थेच्या वर्तुळात हीच कल्पना वंशश्रेष्ठत्वासाठी वापरली गेली. बेट काल्पनिक असलं तरी हे नुकसान काल्पनिक नव्हतं.

कुणी मला अक्षांश-रेखांश पाठवून ‘हेच ते’ म्हणालं की मी आकार बघत नाही, कचरा विचारते. खापऱ्या, हाडं, राखेचे थर, गाळ भरलेलं बंदर. हजारो माणसं जिथे राहतात तिथे हे टाळता येत नाही. बहामातला बिमिनीचा ‘रस्ता’ १९६८मध्ये गाजला. तो किनारी वाळूचाच सिमेंटसारखा घट्ट झालेला खडक आहे, ठरावीक रेषांत तडकल्यामुळे फरसबंदीसारखा दिसतो. मॉरिटानियातली रिशात संरचना उपग्रहचित्रांत कड्यांसारखी दिसते म्हणून सध्या जोरात आहे. तिचा व्यास ४० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे प्लेटोच्या शहराच्या आठपट. खालून वर आलेल्या शिलारसाने फुगलेला आणि मग झिजून कापला गेलेला तो खडकांचा घुमट आहे, त्यातला अग्निज खडक सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि जागा आज समुद्रसपाटीपासून शेकडो मीटर उंच, किनाऱ्यापासून खूप आत. तिथे मिळालेली अश्युलियन दगडी हातकुऱ्हाडींसारखी हत्यारं खरी आहेत, पण ती प्लेटोच्या तारखेच्या लाखभर किंवा त्याहून जास्त वर्षं आधीची. बंदर, तट किंवा कालवा यांपैकी काहीही तिथे मिळालेलं नाही.